दोघेही एकाच तारेवर बोलतात

डीईसी कंपनीचं व्हीटी-१०० टर्मिनल १९७८ साली बाजारात आलं. २४ ओळी, ८० रकाने, काळ्या काचेवर उजळ अक्षरं. आज ते एखाद्या जुन्या पीसीला जोडायला बसणाऱ्याच्या वाट्याला बहुधा आधी येतो तो कोरा पडदा. कर्सर लुकलुकतो, कळा खडखडतात, पलीकडून मात्र एकही अक्षर येत नाही.

अशा वेळी हात सरसावतात ते केबल उपसायला. थोडं थांबावं. प्रत्येक बिघाडाची बोली निराळी असते, आणि ती कान देऊन ऐकली की दोष कुठे दडलाय ते बरंचसं कळतं.

सेटअप कळ दाबून टर्मिनल ‘लोकल’वर टाकावं. टाइप केलेलं पडद्यावर उमटलं, तर कीबोर्ड आणि पडदा शाबूत. मग ते पुन्हा ऑनलाइन आणून मागच्या २५ पिनांच्या पोर्टातल्या २ आणि ३ या पिना एका तारेने जोडाव्यात. पाठवलेलं अक्षर परत आलं, की पोर्टही निर्दोष. आता संशय उरतो तो केबलवर आणि पलीकडच्या यंत्रावर.

केबलची गोष्ट सगळ्यात चकवणारी. १९६० साली ठरलेलं आरएस-२३२ मानक टर्मिनल आणि मोडेम यांच्या संभाषणासाठी होतं: एक ज्या तारेवर बोलेल, तीच दुसऱ्याने ऐकायची. मोडेम काढून पीसी आणि टर्मिनल थेट जोडले की दोघेही एकाच तारेवर बोलतात आणि ऐकणारं कुणीच नसतं. म्हणून २ आणि ३ या तारांची अदलाबदल करायची. त्यातही १९८४च्या पीसी-एटीने ९ पिनांचं पोर्ट आणलं आणि त्यात बोलायची पिन ३, ऐकायची २ अशी उलट मांडणी केली. परिणामी ९ पिनांकडून व्हीटी-१००च्या २५ पिनांकडे जाताना २ला २ आणि ३ला ३ अशी सरळ जोडणीच बरोबर ठरते. जमिनीची तार ५वरून ७वर. दुकानातली तयार मोडेम केबल नेमकी इथे फसवते. खात्री करायला साधा मल्टिमीटर पुरतो. जमिनीच्या मानाने ज्या पिनेवर उणे ५ ते उणे १५ व्होल्ट दिसतात, ती बोलणारी.

कोरेपणा संपून कचरा उमटू लागला, तर आनंदच मानावा, कारण तार लागली. सगळीच अक्षरं विचित्र असतील तर वेग जुळत नाही. ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाला, एक बिट जेमतेम १०४ मायक्रोसेकंद टिकतं, म्हणून दोन्हीकडचा वेग एकच हवा. पण काही अक्षरं नीट आणि काही बिघडलेली असतील, तर दोष पॅरिटीचा, म्हणजे चूक ओळखण्यासाठी जोडलेल्या जादा बिटाचा. टर्मिनल सात बिट आणि सम पॅरिटीने पाठवतंय आणि पीसी आठ बिट वाचतोय, असं असेल तर ए आणि बी स्वच्छ येतात, सीच्या जागी मात्र चौकटीची रेघ उमटते. ए आणि बीच्या संकेतांत एक हे बिट दोनदा येतं, सीच्या संकेतात तीनदा. ही संख्या सम करण्यासाठी जोडलेलं जादा बिट पीसी अक्षराचाच भाग समजतो. एवढ्या नेमकेपणाने स्वतःची चूक सांगणारी यंत्रं आता कमीच भेटतात.

आणि सगळं सुरळीत चाललेलं असताना पडदा अचानक गोठला, तर स्क्रू ड्रायव्हर शोधण्याआधी कंट्रोल-क्यू दाबून पाहावं. कुणाच्या तरी बोटाने कंट्रोल-एस गेलेलं असतं, आणि पलीकडचा संगणक आज्ञाधारकपणे थांबलेला असतो.