पडद्यावरचे जपान आणि पडद्यामागची वस्ती

रविवारी विहारातील वंदना आटोपून आम्ही घरी आलो, तेव्हा मुलीने टी.व्ही. लावलेला होता. एक आचारी देशोदेशी हिंडतो, लोकांच्या चुलीपाशी बसतो आणि त्यांचे अन्न खातो, असा तो कार्यक्रम. त्या दिवशी देश होता जपान आणि विषय होता गोमांस. बौद्धांचा देश म्हणून आई कौतुकाने पुढे सरकून बसली. तेवढ्यात तव्यावर लाल-पांढरा तुकडा चरचरला आणि ती म्हणाली, "अरे, हे तर मोठ्याचं दिसतंय. बुद्धाच्या देशात चालतं का हे?"

तासाभरात आम्ही घरबसल्या बराच जपान पाहिला. सुरुवात कोबे बंदरापासून झाली. कोबेचे नाव ज्या मांसामुळे जगभर झाले, ते जनावर मात्र ह्योगो प्रांताच्या उत्तरेकडील ताजिमा या डोंगराळ मुलखातले. अरुंद खोरी, भाताची खाचरे आणि काळीभोर, ठेंगणी जनावरे. पूर्वी ती नांगराला जुंपत. त्यांच्या मांसात चरबीची बारीक जाळी असते. त्या जाळीला 1 ते 12 असे अंक देतात. 6 च्या खाली गेले की 'कोबे' हे नाव लावता येत नाही. या जनावरांना बिअर पाजतात असे आम्हीही ऐकून होतो. सूत्रसंचालकाने ते हसण्यावारी नेले.

वासरू जन्मले की त्याच्या नाकाचा ठसा कागदावर घेतात, आपला अंगठा घेतात तसा. प्रत्येक नाकाच्या रेषा वेगळ्या. कागदावर बाप, आजा, पणजा सारे लिहिलेले. 1939 साली जन्मलेल्या ताजिरी नावाच्या एका वळूचे रक्त आज जपानमधील जवळजवळ प्रत्येक काळ्या वाग्यू गाईत आहे, इतकी ही नोंद पक्की. आम्ही कारकुनी करणारी माणसे. रजिस्टर नीट ठेवलेले दिसले की बरे वाटते.

आईच्या प्रश्नाचे उत्तरही कार्यक्रमात आले. बौद्ध धर्म जपानला सहाव्या शतकात पोचला. 675 साली सम्राट तेन्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. तीही वर्षातील काही महिन्यांपुरती. पुढे शतकानुशतके गोमांस निषिद्धच राहिले. तरी बड्यांच्या घरी चोरवाट होती. हिकोने येथील सरदार मिसोमध्ये मुरवलेले गोमांस शोगुनला 'औषध' म्हणून पाठवीत. गरिबाने खाल्ले तर पाप आणि मोठ्याने खाल्ले तर औषध! मग 1859 साली योकोहामा बंदर परदेशीयांना खुले झाले आणि 1872 च्या जानेवारीत सम्राट मेइजीने स्वतः गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले. त्याने चिडून काही डोंगरी तपस्वी राजवाड्यात घुसले. त्यातल्या काहींना प्राण गमवावे लागले. लोकांना मात्र गोडी लागली. नव्या युगाची खूण म्हणून योकोहामा-टोकियोत भांड्यात शिजणारे गोमांस खाऊ लागले.

येथपर्यंत सगळे छान. पण कॅमेरा गोठ्यातून निघाला तो थेट शीतगृहात टांगलेल्या फऱ्यांवर आणि तेथून ताटावर. मुलगी म्हणाली, "पप्पा, पण मधे कापतं कोण? ते नाही दाखवलं."

आम्ही तिला सांगितले ते येथे थोडक्यात लिहितो. ज्या काळात गोमांस पाप होते, त्या काळातही चामडे लागतच होते. लढाईच्या चिलखताला लागे, ढोलाला लागे, जोड्याला लागे. मेलेले ढोर ओढणे, सोलणे, कातडे कमावणे हे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांना 'एता' म्हणत. त्या शब्दाची चिनी अक्षरे वाचली तर अर्थ होतो, फार घाण. राहणे गावाबाहेर, लग्नसंबंध आपसातच. त्यांना आज 'बुराकू' म्हणतात. बुराकू म्हणजे वस्ती. आपल्या वाचकांना याहून जास्त समजावण्याची गरज नाही.

1871 साली सरकारने फर्मान काढून एता हा दर्जा रद्द केला. 1873 साली मिमासाका भागात दंगल उसळली, वस्त्या जाळल्या, माणसे मारली. कारण काय, तर ही माणसे आता बरोबरीने वागू लागली! आणि पुन्हा रजिस्टर आलेच. 1872 च्या कुटुंब-नोंदणीत जुन्या ओळखीच्या खुणा राहिल्या आणि लग्नाआधी, नोकरीआधी लोक ती नोंदवही उघडून पाहू लागले. 1968 साली ती बंद करावी लागली. तर 1975 साली उघड झाले की वस्त्यांच्या पत्त्यांची छुपी यादी कंपन्या विकत घेत होत्या. बैलाची वंशावळ चौकटीत लावायची आणि माणसाची वंशावळ त्याला दारातून परत पाठवण्यासाठी शोधायची. बरे वाटलेले रजिस्टर आम्हाला तेव्हा तितकेसे बरे वाटेना.

बौद्ध म्हणून जे सांगायला जड जाते, तेही सांगितले पाहिजे. जपानमध्ये माणूस मेला की भिक्खू त्याला नवे धम्मनाव देतात आणि ते थडग्याच्या दगडावर कोरतात. वस्तीतल्या मृतांच्या दगडांवर 'पशू' अशा अर्थाची अक्षरे कोरलेली सापडली. 1979 साली एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो पंथाच्या प्रमुख पदाधिकाऱ्याने जपानमध्ये असा भेदभावच नाही असे सांगितले. पुढे ते विधान मागे घ्यावे लागले आणि पंथाने दगड व नोंदवह्या तपासायला घेतल्या. 1948 साली बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या ग्रंथात मांडले, की आपले पूर्वज बौद्ध राहिले, गोमांस खात राहिले, म्हणून अस्पृश्य ठरवले गेले. जपानमध्ये तर बौद्ध मंदिरेच बहिष्कृत करणाऱ्यांच्या बाजूला उभी होती. नुसते बुद्धाचे नाव घेतल्याने वस्ती गावात येत नाही.

वस्ती स्वतः उठली ती 3 मार्च 1922 रोजी. त्या दिवशी क्योतो शहरात 'सुइहेइशा', म्हणजे समतेची संघटना, स्थापन झाली. पाच वर्षांनी आपल्याकडे महाड घडले. भेदभाव निर्मूलनाचा कायदा व्हायला मात्र 2016 साल उजाडावे लागले. टोकियोत शिनागावा स्टेशनजवळ शिबाउरा येथे सरकारी कत्तलखाना आहे. तेथील कामगारांना आलेली शिव्यांची पत्रे तेथल्याच माहिती केंद्रात लोकांना पाहायला लावली आहेत. आम्हाला ही रीत आवडली.

कार्यक्रमाचा शेवट ओसाकात झाला. सूत्रसंचालक एका टपरीवर उभा राहून 'कासू उदोन' चाखत होता. बैलाचे आतडे त्याच्याच चरबीत कडक तळायचे आणि ते गरम शेवयांच्या रश्श्यात टाकायचे. "ओसाकाची जुनी चव!" असे तो म्हणाला. कोणाची जुनी चव, ते नाही म्हणाला. चांगले मांस मालकाकडे जायचे, आतडी वस्तीत राहायची, त्यातून हा पदार्थ निघाला. त्याच वस्त्यांत घोड्याचे वा बैलाचे मांस मीठ लावून सुकवतात, त्याला 'साइबोशी' म्हणतात. मुलीने मोबाइलवर त्याचे चित्र काढून आजीला दाखवले.

आईने चष्मा लावला. "अगं, या तर आपल्या चान्या!"

चान्यांचे नाव आमच्या घरात कित्येक वर्षांत निघाले नव्हते. बाबासाहेबांच्या आदेशाने मेलेल्या जनावराचे मांस आमच्या आज्याने सोडले, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. पण बाजारातून आणलेले ताजे मटण नंतरही दोरीवर वाळतच होते. ते आम्ही शहरात आल्यावर लाजेपोटी बंद केले. हापिसात डबा उघडताना शेजारचा काय विचारील, ही भीती. 2015 पासून तर राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. म्हशीचे तेवढे चालते.

"1972 च्या दुष्काळात लोकांनी बैल कवडीमोलाने विकले," आई सांगू लागली. "मटण स्वस्त झालं. माझी आई लांब लांब पट्ट्या कापायची, मीठ लावायची. कावळ्यांना हाकायला मला बसवायची."

"आणि मग खायचे कसे, आजी?"

"विस्तवावर भाजायच्या. पाट्यावर ठेचायच्या. भाकरीबरोबर. नाहीतर डाळीत टाकायच्या."

टी.व्ही.वर पुढचा कार्यक्रम लागला होता, तो कोणी पाहत नव्हते. मुलीने कॉलेजची वही ओढली आणि मीठ किती, ऊन किती दिवस, हे ती आजीला विचारून लिहून घेऊ लागली.