गेलेल्या पाण्याचाही हिशेब ठेवा

डहाणू नगरपरिषद आणि तलासरी नगरपंचायत येथील पाणीपुरवठा व जलनिस्सारण अभियंत्यांना,



तुमच्या कामात पाणीपुरवठा आणि जलनिस्सारण ही दोन खाती शेजारी शेजारी लिहिलेली असतात. फोन मात्र पहिल्याच खात्यासाठी येतात. आज पाणी आलं नाही, कमी दाबानं आलं, गढूळ आलं, मसोलीला आलं तर लोणीपाड्याला का नाही. वापरून झालेलं पाणी कुठे गेलं, हे कुणी विचारत नाही. मोर्चा हंड्यांचा निघतो. संडासाची टाकी भरली म्हणून मोर्चा निघाल्याचं कधी ऐकलेलं नाही. हे पत्र त्या न विचारल्या जाणाऱ्या कामासाठी आहे. पण तिथे पोहोचायला तुमच्या पहिल्या कामातूनच जावं लागतं, कारण जमिनीखाली ही दोन कामं एकमेकांना खेटून आहेत.

आपल्याकडे पाणी कमी पडावं असं खरं तर काही नाही. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. तो समुद्रात धावतो आणि मार्च-एप्रिलमध्ये पाड्यांवरच्या बाया नदीच्या कोरड्या पात्रात डवरे खणून वाटीवाटीनं पाणी भरतात. किनाऱ्याला दुसरीच अडचण. तिथे गोड पाण्याच्या थराखाली खारं पाणी टपून असतं. बोअरवेलचा उपसा वाढला की ते वर सरकतं, आणि एकदा खारी झालेली विहीर सहजी गोड होत नाही. म्हणून डहाणूला साखरे धरणाचा आधार घ्यावा लागतो. तलासरी तालुक्यात कुर्झे धरण आहे, ते मुळात दापचरीच्या दुग्धप्रकल्पासाठी बांधलेलं. आणि आपल्या डोळ्यांसमोरून वाहणाऱ्या सूर्येचं पाणी कवडासला उचलून दक्षिणेकडे जातं: सूर्या प्रादेशिक योजना ४० कोटी ३० लाख लिटरची, त्यातलं रोज साडेअठरा कोटी लिटर वसई-विरारला, बाकीचं मीरा-भाईंदरला. तिथल्या माणसांनाही तहान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण या आकड्यांशेजारी आपल्या गावांची गरज मांडून पाहावी. २०११ च्या जनगणनेत डहाणू शहराची वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर होती. माणशी १३५ लिटर हे शहरी प्रमाण धरलं तरी रोजचे साडेसदुसष्ट लाख लिटर होतात. मीरा-भाईंदरच्या वाट्याच्या तुलनेत हा आकडा किती लहान आहे, हे वरच्या कार्यालयात ठामपणे सांगण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

धरणातून नळापर्यंत येताना तुमच्या माणसांनी काय काय केलेलं असतं, हे गावाला दिसत नाही. पहिल्या पावसाचं लालसर पाणी जॅकवेलमध्ये शिरलं की कालपर्यंत पुरणारी तुरटी आज पुरत नाही. प्रत्येक तासाला गढूळपणा बदलतो आणि रात्रपाळीच्या माणसाला अंदाजानं नव्हे तर चाचणी घेऊन मात्रा बदलावी लागते. वीज गेली की पंप थांबतात, लाइन रिकामी होते, आणि परत सुरू करताना एअर व्हॉल्व्हनं हवा नीट सोडली नाही तर कुठेतरी जोड सुटतो. टीसीएल पावडरची पिशवी ओलसर जागी उघडी राहिली तर तिची ताकद आठवड्याभरात उतरते. हिशेबाप्रमाणे पावडर टाकलेली असूनही पाण्यात क्लोरीन उरत नाही. म्हणून शुद्धीकरण केंद्रावरची नोंद कितीही चांगली असली तरी माझ्या लेखी खरी नोंद एकच: लाइनच्या अगदी शेवटच्या नळाला, पाणी बंद व्हायच्या आधी, दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन सापडलं की नाही.

तो शेवटचा नळ बहुधा सखल वस्तीत असतो, गटाराच्या काठावर. आणि इथेच तुमचं दुसरं खातं पहिल्यात शिरतं. दिवसातून तास-दोन तास पाणी सोडायचं आणि मग बंद करायचं, ही पद्धत आपल्या बहुतेक लहान गावांची. पाणी बंद झालं की नळीतला दाब जातो. त्याच वेळी कुणी थेट लाइनला मोटार लावून उरलेलं पाणी खेचत असेल, तर नळी आत ओढायला लागते. जोडाला बारीकशी चीर असेल आणि ती चीर गटाराच्या पाण्यात बुडालेली असेल, तर गटार नळीत येतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं तेव्हा पहिली कळशी ज्याच्या घरात भरली जाते, त्याच्या घरात गॅस्ट्रो येतो. केंद्रावर पाणी शुद्ध होतं, हे खरंच असतं. ते घरापर्यंत शुद्ध राहिलं नाही, हेही खरं असतं. गावात जुलाबाची साथ आली की आरोग्य खात्याची माणसं घरोघर फिरतात; त्यांच्या यादीतली घरं तुमच्या लाइनच्या नकाशावर ठेवून पाहिली, तर फुटलेली जागा बहुतेक वेळा तिथेच सापडेल.

पण नकाशा असेल तर. लहान गावांत लाइनचा खरा नकाशा व्हॉल्व्हमनच्या डोक्यात असतो. कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, कोणत्या रस्त्याच्या डांबराखाली जुनी बिडाची लाइन आहे, कुठे कुणी कधी टी मारून जोडणी घेतली, हे तोच जाणतो. त्याला बहुतेक ठिकाणी ठेकेदारामार्फत पगार मिळतो आणि तो एक दिवस निघून जातो. त्याच्यासोबत दोन-तीन पिढ्यांची माहिती जाते. माझी तुम्हाला पहिली विनंती हीच आहे: नवीन टाकीचा प्रस्ताव करण्याआधी या माणसांसोबत गावभर चाला, प्रत्येक व्हॉल्व्ह, प्रत्येक जोड, प्रत्येक गटार ओलांडणारी नळी कागदावर घ्या, आणि त्या कागदावर त्यांचंही नाव लिहा.

तलासरीकडे आणि डहाणूच्या पूर्व भागात याला आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यातला एक ४.१ तीव्रतेचा होता. लोक थंडीत घराबाहेर झोपले. घरांच्या भिंतींची तपासणी झाली. जमिनीखालच्या नळीकडे मात्र कुणाचं लक्ष सहसा जात नाही. कडक जोडाची जुनी नळी वारंवारच्या हादऱ्यांनी हळूहळू सैल होते. रबरी कड्याचा जोड किंवा एचडीपीईची नळी ते सोसते. जिथे लाइन बदलायचीच आहे, तिथे निविदेत हे लिहून घ्यावं. उंच टाक्यांच्या खांबांना तडे गेलेत का, तेही दर मोठ्या धक्क्यानंतर कुणीतरी वर चढून पाहायला हवं.

आता गेलेल्या पाण्याकडे येऊ.

घरात आलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असा अभियंत्यांचा हिशेब आहे. वरच्या साडेसदुसष्ट लाखांचे चोपन्न लाख लिटर होतात, रोजचे. भुयारी गटार नसलेल्या गावात न्हाणीघराचं, मोरीचं पाणी उघड्या गटारात जातं आणि संडासाचं सेप्टिक टँकमध्ये. टँकमध्ये जड मैला तळाशी बसतो, वरचं पाणी शोषखड्ड्यात उतरतं. दोन-तीन वर्षांत तळाचा गाळ उपसला नाही तर टँक नुसती वाटेतली खोली उरते, मैला जसाच्या तसा पुढे जातो. किनाऱ्यालगत अडचण दुप्पट: पावसाळ्यात जमिनीतलं पाणी हातभर खोलीवर येतं, शोषखड्डा शोषतच नाही, आणि शेजारची विहीर फार लांब नसते. त्यात भरती असली तर खाडीकडे उतरणारी गटारं उलटी भरतात.

मग टँक तुंबतो तेव्हा घरमालक मैला उपसणारी गाडी बोलावतो. गाडीवाला पैसे घेतो, टाकी रिकामी करतो आणि निघून जातो. तो ते कुठे ओततो, हे घरमालक विचारत नाही. लहान गावांत ते बहुधा रात्री एखाद्या नाल्यात, खाडीत किंवा ओसाड शेतात जातं. म्हणजे संडास बांधून जे उघड्यावरून हटवलं, ते टँकरनं परत उघड्यावर टाकलं.

आणि कधी कधी गाडी येतच नाही, माणूस उतरतो. हातानं मैला उपसण्याला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात किंवा टँकमध्ये मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. आधी ही रक्कम १० लाख होती. टँकमधला वायू माणसाला क्षणात बेशुद्ध करतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही त्यातच राहतो. तुमच्या हद्दीत खासगी ठेकेदारानं माणूस उतरवला तरी ते काम तुमच्या गावात झालेलं असतं. गाडीवाल्यांची नोंदणी करा, त्यांच्याकडे सक्शनची गाडी नसेल तर परवाना देऊ नका, आणि मैला कुठे रिकामा केला त्याची पावती मागा. यासाठी मोठा निधी लागत नाही.

पुढचं पाऊल वाईनं टाकून दाखवलं आहे. सातारा जिल्ह्यातल्या या नगरपरिषदेनं २०१८ मध्ये सेप्टिक टँकचा ठरलेल्या क्रमानं उपसा सुरू केला: तुंबण्याची वाट न पाहता प्रत्येक टँक तीन वर्षांतून एकदा, वस्तीनुसार पाळी लावून. उपशाच्या दिवशी घरमालकाकडून वेगळे पैसे घेतले जात नाहीत, खर्च स्वच्छता करातून भागतो, आणि मैला प्रक्रिया केंद्रावर जातो. सिन्नरही त्याच वाटेनं गेलं. वाई डहाणूपेक्षा मोठं शहर नाही. कोट्यवधींच्या भुयारी गटार योजनेची वाट पाहत वर्षं घालवण्यापेक्षा हे आधी करता येतं, हे माझं स्पष्ट मत आहे. पाणीपट्टीबद्दल कराडशेजारच्या मलकापूरकडे पाहता येईल. मीटर बसवून, जास्त वापराला चढा दर लावून त्या लहानशा गावानं चोवीस तास पाणी दिलं, आणि नळीत दाब कायम राहिला की गटार आत शिरत नाही.

डहाणूवर यात एक जास्तीची जबाबदारी आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसलं. औष्णिक वीज केंद्राच्या धुरातलं गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणानं १९९९ मध्ये दिला. ती २००७ मध्ये चालू झाली. चिकूच्या बागा, मासळी, खाडी राखायची म्हणून इथल्या लोकांनी इतकी वर्षं कागदोपत्री लढा दिला. त्याच खाडीत आपल्या घरांचा मैला उतरत असेल तर त्याविरुद्ध कुणाकडे जायचं? समोर कंपनी नाही, आपणच आहोत. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली आहे. बंदर हवं की नको यावर गावात दोन मतं आहेत, ती राहतील. पण माणसं, खोल्या, लॉज वाढणार असतील तर प्रत्येक नव्या इमारतीच्या परवानगीआधी तिचं पाणी येणार कुठून याइतकंच ते जाणार कुठे हेही नकाशावर तपासायला हवं.

पाड्यांची गोष्ट वेगळी धरा. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेली घरं पावसाआधी परततात. सहा महिने बंद असलेल्या घराची थकबाकी दाखवून नळ तोडू नका. सार्वजनिक संडासाला पाणी नसेल तर तो बांधलाच नाही असं समजा.

महिन्यातून एकदा नगरपरिषदेच्या फलकावर तीन गोष्टी लावा: शेवटच्या नळांचं क्लोरीन, किती टँक उपसले, आणि तो मैला कुठे रिकामा झाला. फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रकाची सभा होते. त्यात मैला प्रक्रियेसाठी वेगळी रक्कम तुम्ही लिहून द्या. ती खोडली जाऊ नये म्हणून आपापल्या नगरसेवकाच्या घरी जाऊन बसण्याचं काम आम्ही करू.

आपला,
खाडीकाठचा एक रहिवासी