'इम' आणि 'इन्स'

सांगलीच्या हळद पेठेत 40 वर्षे अडत दुकान चालविलेल्या एका आजोबांनी वयाच्या 68 व्या वर्षी जर्मन भाषेचे पहिले पुस्तक उघडले. कारण व्यापाराचे नव्हते. लेक हॅम्बुर्गला राहते आणि चार वर्षांचा नातू मराठी समजत असूनही उत्तर जर्मनमध्येच देतो. त्याचे बोलणे कळावे, एवढाच हेतू.

आरंभीचे शब्द सहज पाठ झाले. अडचण आली ती शब्दयोगी अव्ययांपाशी. मराठीत 'बालवाडीत आहे' आणि 'बालवाडीत जातो' या दोन्ही वाक्यांत 'बालवाडीत' हे रूप एकच. असणे की जाणे, हे क्रियापद सांगते. जर्मन भाषेचे तेवढ्यावर समाधान होत नाही. ती आधी प्रश्न विचारते: 'वो?' म्हणजे कोठे आहे, की 'वोहिन?' म्हणजे कोठे निघाले? आन, आउफ, इन, उंटर, यूबर, फोर, हिंटर, नेबेन आणि त्स्विशेन ही नऊ अव्यये दोन्ही प्रश्नांच्या उत्तरात चालतात. मात्र स्थान सांगताना पुढील नाम चतुर्थीत जाते, दिशा सांगताना द्वितीयेत. म्हणून 'इम किंडरगार्टन' म्हणजे बालवाडीत असणे आणि 'इन डेन किंडरगार्टन' म्हणजे बालवाडीत जाणे. 'इन डेम'चा संक्षेप 'इम'. नपुंसकलिंगी नामापूर्वी 'इन दास'चा संक्षेप 'इन्स'.

आजोबांनी हा नियम आपल्या रीतीने वहीत मांडला. रक्कम खात्यावर भरली, 'आउफ दास कोंटो', ही द्वितीया, म्हणजे व्यवहार. रक्कम खात्यावर आहे, 'आउफ डेम कोंटो', ही चतुर्थी, म्हणजे शिल्लक. बागेत फिरणे ही हालचाल खरी, पण बागेची हद्द ओलांडली जात नाही. म्हणून तेथेही चतुर्थीच. डॉक्टरांकडे जायचे तर 'त्सू', आणि त्याला दिशा असूनही नेहमी चतुर्थी. गावाला जायचे तर 'नाख', गावात राहायचे तर 'इन'.

लेकीचे दिवस भरत आले होते. एका संध्याकाळी फोन लावला, तो नातवाने उचलला; सोबतीला शेजारीणबाई होत्या. तो एवढेच म्हणाला, "मामा इम क्रांकनहाउस."

आजींच्या हातातील वाटी खाली पडली. "अहो, मामाला काय झालं? सकाळी तर दुकानात गेला!"

"आपला मामा नव्हे. तिकडे आईला मामा म्हणतात. ती दवाखान्यात आहे."

"निघाली आहे, की पोचली?"

मुलाच्या वाक्यात क्रियापद नव्हते. मराठीत 'आई दवाखान्यात' एवढ्यावरून याचे उत्तर देता आले नसते. आजोबांनी नातवाला पुन्हा विचारले. पुन्हा तेच, स्पष्ट 'इम'. 'इन्स' नव्हे.

"पोचली आहे," आजोबा म्हणाले. "डॉक्टरांच्या हाताशी आहे. काळजी करू नको."

आजी पाटावर टेकल्या. रात्री जावयांचा फोन आला: मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

लहानशा अव्ययाने दोन वृद्ध जिवांची ती संध्याकाळ सावरली. व्याकरण परीक्षेपुरते नसते. दूर गेलेले माणूस या क्षणी नेमके कोठे आहे, हे सांगण्याचेही ते साधन आहे.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी वही उघडली आणि 'वोहिन?' या प्रश्नाखाली नवी नोंद केली: 'नाख हॅम्बुर्ग'. मग पासपोर्टाची मुदत पाहण्यासाठी ते कपाटाकडे वळले.