गोळीवरचा विश्वास

सोलापूर–हैदराबाद महामार्गावर नळदुर्ग सोडलं की जळकोट लागतं. इथं माझं मेडिकल आहे. गिऱ्हाईक काउंटरला टेकून दुखणं सांगायला लागलं की ते संपायच्या आत माझा हात कप्प्याकडे गेलेला असतो. या धंद्यात राहून माझं एक मत पक्कं झालं होतं. ज्याला गोळी आहे तो आजार, ज्याला नाही तो स्वभाव. धाकट्या बहिणीच्या बाबतीत हे मत मी बरीच वर्षं रेटलं.

तिची एखादीशी मैत्री जुळली की तिच्यासारखी जगात दुसरी कुणी नाही. त्याच मैत्रिणीनं दोनदा फोन उचलला नाही की ती दगाबाज. सकाळी घरभर हसणारी पोरगी दुपारी एका शब्दावरून दार लावून घ्यायची आणि संध्याकाळी मला दुकानात मेसेजवर मेसेज पाठवायची, ‘दादा, मी तुला नकोशी झाले ना?’ ऐन वैशाखात ती लांब बाह्यांचे ड्रेस घालायची. त्याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच ते बोलत नव्हतं. मी म्हणायचो, ‘‘एवढ्याला काय रडलालीस?’’ आई तुळजापूरला जाऊन नवस बोलून आली. मामा म्हणाले, लग्न करून टाका, मार्गी लागेल. आमच्या भागात निम्म्या दुखण्यांवर हेच औषध सांगतात.

मग एका रात्री तिला गाडीत घालून दवाखान्यात न्यावं लागलं. हा मजकूर मी तिला वाचून दाखवलाय. त्या रात्रीची पुढची वाक्यं तिनं काढायला लावली.

सोलापूरच्या मनोविकारतज्ज्ञांनी तिला आधी एकटीला बसवून ऐकून घेतलं, मग आम्हाला आत बोलावलं. बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर, ते म्हणाले. मी सवयीनं आधी चिठ्ठी बघितली. उदासीवरची एक गोळी, आणि खाली लिहिलेलं, दर आठवड्याला मानसशास्त्रज्ञांकडे बसणे. मी विचारलं, ‘‘पण या आजाराची गोळी कोणती?’’ ते म्हणाले, ‘‘या आजाराची अशी गोळी नाही. सोबतच्या उदासीची आहे, ती दिलीय.’’

परतताना एसटीत माझ्या डोक्यात एकच. गोळी नाही म्हणजे शेवटी स्वभावच. नुसतं बोलायला पैसे मोजायचे?

मला वाचायची सवय आहे ती कंपन्यांची पत्रकं आणि औषधांची पुस्तकं. तिथूनच सुरुवात केली. सापडलं ते माझ्या धंद्याला फारसं सोयीचं नव्हतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेनं २००९ मध्ये सरळ सांगितलंय की खास या आजारासाठी म्हणून औषधं वापरू नका. त्याहून जास्त लागलं ते १९८८ च्या एका अमेरिकन अभ्यासातलं. अल्प्राझोलम घेत असताना या आजाराच्या बायकांचा स्वतःवरचा ताबा आणखी सुटत होता. अल्प्राझोलम म्हणजे आपल्याकडे ‘झोपेची साधी गोळी’ म्हणून मागतात ती. तिला चिठ्ठी लागते, रजिस्टरला नोंद लागते. तरी ‘असू द्या हो, ओळखीचं आहे’ म्हणणारे रोज येतातच. मी स्वतःच बहिणीला रात्रीची एखादी द्यावी या विचारात होतो.

या आजाराला ‘बॉर्डरलाइन’ हे नाव अडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकानं १९३८ मध्ये दिलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत तो १९८० मध्ये आला. त्या यादीत नऊ लक्षणं आहेत आणि त्यांतली पाच जुळावी लागतात. कुणी सोडून जाईल ही धास्ती, देव्हाऱ्यात बसवणं किंवा उकिरड्यावर टाकणं यांच्या मधलं काही नसलेली नाती, आपण नेमके कोण याचा ठाव नसणं, आतला रितेपणा, अनावर राग, स्वतःला इजा. वाचताना मी आमचं घर मोजत होतो.

तरी मत फिरलं ते मार्शा लिनेहन या बाईंमुळे. या आजारावरच्या सगळ्यात जास्त तपासल्या गेलेल्या उपचारपद्धतीच्या, डीबीटीच्या, त्या जनक. त्यांचा पहिला मोठा अभ्यास १९९१ चा. २०११ मध्ये त्यांनी जाहीर सांगितलं की वयाच्या सतराव्या वर्षी, १९६१ मध्ये, आपण स्वतःच हार्टफर्डच्या मनोरुग्णालयात दाखल होतो. तिथं त्यांना जबर औषधं दिली, विजेचे झटके दिले, एकटीला कोंडून ठेवलं. कप्प्यातलं सगळं देऊन झालं होतं आणि त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. पुढं त्यांनी जे उभं केलं त्यात शिकवणी आहे. लाट आली की ती अंगावर कशी घ्यायची, भावना ओळखायची कशी, माणूस न तोडता मागायचं कसं आणि नाही कसं म्हणायचं. वर्षभर, दर आठवड्याला, गृहपाठासकट.

आमच्या घरात हा गृहपाठ असा चालतो. फार भडकली की ती न्हाणीत जाते, पातेल्यात गार पाणी घेते, श्वास रोखून तोंड बुडवते. यामागं शरीरशास्त्र आहे. चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. (हृदयाचा आजार असेल त्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, एवढं दुकानदार म्हणून सांगतो.) पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आई घाबरली. आता ती फ्रिजमध्ये बाटली भरून ठेवते. रात्री बहीण वहीत त्या दिवसाचा राग, दुःख, इजा करायची ओढ यांना आकडे देते. ओढ शून्य असलेली पानं आता ती मला दाखवत नाही, मीही मागत नाही.

गृहपाठ मलाही मिळाला. मानसशास्त्रज्ञ बाई म्हणाल्या, ‘एवढ्याला काय’ हे तीन महिने बंद करा. मी वाद घातला, असे लाड केले तर ती डोक्यावर बसेल. त्या म्हणाल्या, भावना खरी माना, वागणं मानायलाच हवं असं नाही. मूळचं फार हळवं मन आणि त्याला सतत ‘तुला वाटतंय ते खोटं’ सांगणारी माणसं, यांतून हा आजार वाढतो असं लिनेहन मांडतात. घराला आरोपी करायचा त्यांचा हेतू नाही, हे मला समजतं. तरी ते झोंबलंच. आता मी म्हणतो, ‘‘तिनं फोन उचलला नाही, वाईट वाटणारच. पण रात्री बाराला तिच्या दारात जायचं नाही.’’ पहिलं वाक्य म्हणायला मला अजून अवघड जातं.

तिची औषधं मी दुकानातच ठेवतो, आठवड्याची तेवढीच घरी. सोयाबीनवर फवारायचं औषध जिन्याखाली असायचं, ते शेतातल्या पेटीत कुलपात गेलं. हे तिला सांगून केलं, चोरून नाही.

अडचण पल्ल्याची आहे. ही पद्धत शिकलेले लोक थोडे, आणि जळकोटहून दर आठवड्याला सोलापूर म्हणजे दिवस मोडतो. एक आड एक आठवडा फोनवर भागवतो. चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागायला येणाऱ्याला मी आता नुसतं नाही म्हणून परत पाठवत नाही, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पिशवीवर लिहून देतो. सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झानारिनी यांनी २९० रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं निदान दोन वर्षं तरी ओसरलेली राहिली. मात्र नोकरी आणि नाती दोन्ही नीट सावरलेले निम्मेच निघाले. मी बहिणीला दोन्ही आकडे सांगितले. ती म्हणाली, ‘‘मला निम्म्यात घाल.’’

मामांनी पुन्हा एक स्थळ आणलंय. आई म्हणते, आजाराचं कशाला काढायचं, आता बरी आहे की. दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं, किंबहुना जास्त ठासून. बहीण म्हणते, पहिल्या भेटीतच मी स्वतः सांगणार, आणि मी तिच्या बाजूनं आहे. आईनं तेव्हापासून माझ्याशी बोलणं जेवायला वाढण्यापुरतं ठेवलंय.