अंगणातलं कारंजं

गेल्या दिवाळीत घरी एक प्रताप केला. एफ.एम.चा पेपर (कसाबसा) सुटला होता, डोक्यात पंप आणि हेड घोळत होते. अंगणात तुळशीसमोर पाच फूट बाय चार फूट हौद बांधला, कुलरची मोटर काढून त्यात सोडली आणि कारंजं सुरू! गल्लीतली पोरं जमली. वडील काही बोलले नाहीत, पण दोनदा बाहेर येऊन बघून गेले. आजी मात्र म्हणाली, "उन्हाळ्यात काय करशील लेका?"

मे महिन्यात घरी गेलो तर हौद कोरडा, त्यात सरपण रचलेलं. टँकर आठ दिवसांआड येत होता. आईने मोटर कधीच बंद केली होती. मला फोनवर सांगितलं नव्हतं एवढंच.

जरा रागच आला. मग वहीच काढली. मे महिन्यात आमच्याकडे उघडं पाणी रोज साधारण बोटभर, म्हणजे एक सेंटिमीटर उतरतं. वीस चौरस फूट हौदातून रोज अठरा-एकोणीस लिटर! म्हणजे एक मोठी घागर, आणि वाऱ्याने उडणारे तुषार वेगळेच. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, तेव्हा मी शाळेत होतो. अशा मुलखात मी रोज एक घागर उन्हाला पाजत होतो. इंजिनिअर म्हणे!

त्याच आठवड्यात बीडला काम निघालं, म्हणून शहराच्या दक्षिणेची खजाना विहीर पुन्हा पाहिली. शाळेच्या सहलीत पाहिली होती, पण तेव्हा लक्ष डब्यात. निजामशाहीत सलाबतखानाने ती बांधून घेतली, रचना राजा भास्कर यांची. पाणी भुयारी वाटेने येतं आणि भुयारी वाटेनेच शेताकडे जातं, फक्त उतारावर. मोटर नाही, आणि वाटेत ऊनही नाही. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला ते कळलं होतं; मला थर्ड इयरला नाही.

परत येऊन मोगऱ्याच्या सावलीत दोन फूट व्यासाची सिमेंटची रिंग पुरली, तळ बंद केला. तोंड लहान, म्हणून जाणारं पाणी तीन लिटरच्या आत. वर तिकाटण्यावर मडकं, बुडाला बारीक छिद्र, महादेवाच्या पिंडीवर गळती असते तसं. नवं पाणी भरलं की घरोघरी बायका कालचं शिळं पाणी ओतून देतात ना, ते मडक्यात जातं. रिंग भरली की जास्तीचं मोगऱ्याला. डासांसाठी गप्पी मासे सोडलेत. मोरीचं साबणाचं पाणी यात नाही, ते खडीतून करदळीला.

कारंज्यासारखं दिसत नाही, खरं आहे. पण दुपारी सगळं सामसूम झालं की टप... टप... ऐकू येतं, आणि चिमण्या मडक्याच्या काठावर येऊन बसतात. आजीने आपली बाज तिकडेच सरकवून घेतली आहे.

मोटर परत कुलरला बसवली. ती आता नीट पाणी ओढत नाही, आणि त्याबद्दल वडील मात्र रोज बोलतात.