आर्देशचा चढ कोणी बांधला?

फ्रान्सचे डोंगर सायकलवरून पाहायचे म्हटले की बहुतेकांना आल्प्स आणि पिरिनीज आठवतात. तूर द फ्रान्सने त्या घाटांची नावे जगभर पोचवली आहेत. मी मात्र सेंत-एतिएनहून दक्षिणेची वाट धरली. पिला डोंगर ओलांडून आनोने, सें-फेलिसिएँ, लामास्त्र, ल शेलार आणि शेवटी लुआर नदीच्या उगमापाशी जेर्बिए द जोंक, असा दीडशे किलोमीटरांच्या आसपासचा हा मार्ग. त्याचा मोठा भाग आर्देश या जिल्ह्यातून जातो. इथे बर्फाची शिखरे नाहीत आणि सपाटीही फारशी नाही. एका नदीच्या दरीत उतरायचे, पुढच्या खिंडीकडे चढायचे, पुन्हा उतरायचे. या चढउतारांनी माझे एक मत पक्के केले. या भागात सायकलस्वाराला मिळणाऱ्या आनंदाचे श्रेय आपण डोंगराला देतो. त्यातले निम्म्याहून अधिक श्रेय रस्त्याचे आहे. आणि रस्ता माणसांनी कायदा करून, कर भरून, घाम गाळून बांधलेला असतो.

सेंत-एतिएन हे एके काळचे कोळशाचे, बंदुकांचे, रेशमी फितींचे आणि सायकलींचे शहर. ते मागे पडते न पडते तोच कोल द ला रेपुब्लिकचा चढ लागतो. सहाशे मीटरहून अधिक उंची चढून गेल्यावर १,१६१ मीटरवरची खिंड येते. १९०३ साली पहिल्याच तूर द फ्रान्सचे स्पर्धक ल्योंहून मार्सेयला जाताना इथून गेले. हजार मीटरवरची, शर्यतीने ओलांडलेली ती पहिली खिंड. पण खिंडीत स्मारक आहे ते शर्यत न खेळणाऱ्या माणसाचे. रेशमाचा व्यापार सोडून सायकलींकडे वळलेले पॉल द व्हिव्ही ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहीत. १८८७ साली त्यांनी सायकलप्रवासाला वाहिलेले नियतकालिक सुरू केले आणि बदलत्या गिअरचा प्रचार आयुष्यभर केला. साध्या माणसालाही डोंगर चढता यावा, दिवसभर चालवून संध्याकाळी त्याच्या अंगात त्राण उरावे, एवढीच त्यांची मागणी होती. तूरचे संस्थापक आँरी देग्रांज यांना गिअर म्हणजे दुबळ्यांची सोय वाटे. म्हणून डिरेलर गिअरला त्या शर्यतीत १९३७ पर्यंत जागा मिळाली नाही. चढ हा माणसाची परीक्षा घेण्यासाठी असतो की त्याला पलीकडे पोचवण्यासाठी, असा हा वाद होता. रस्ता बांधणाऱ्यांनी त्याचे उत्तर सायकल जन्माला येण्यापूर्वीच देऊन ठेवले होते.

ते उत्तर चढाच्या टक्केवारीत सापडते. आर्देशमधल्या मोठ्या खिंडींचे रस्ते बहुतेक ठिकाणी पाच ते सात टक्क्यांत राहतात, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पाच ते सात मीटर वर. सायकलसकट पंच्याऐंशी किलो वजन धरले, तर सहा टक्क्यांच्या चढावर ताशी दहा किलोमीटरने जायला सुमारे दीडशे वॉट लागतात. सराव असलेला साधा सायकलस्वार एवढी शक्ती तासभर सहज देऊ शकतो. चढ बारा टक्के झाला की त्याच वेगाला तीनशेच्या घरातले वॉट लागतात आणि बहुतेकांची गाडी तिथेच थांबते. भरलेली गाडी ओढणाऱ्या जनावराचा हिशेबही असाच असतो. वाड्यांना जोडणाऱ्या जुन्या खेचरवाटा डोंगराच्या अंगावर सरळ चढत. गाडीरस्ता आखणाऱ्याला मात्र प्रत्येक घळीत आत शिरून, प्रत्येक सोंडेला वळसा घालून चढ पसरवावा लागला. आनोने सोडून सें-फेलिसिएँकडे आणि तिथून ९२० मीटरच्या बुइसों खिंडीकडे जाताना ही आखणी पायांना कळते. एकदा लय सापडली की गिअर क्वचितच बदलावा लागतो. वळणांमुळे अंतर वाढते, पण त्याच वळणांमुळे दरी एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून आणि दर वेळी थोडी अधिक उंचीवरून दिसते.

हे रस्ते इतके दाट का, हे समजायला एकोणिसाव्या शतकात जावे लागते. मे १८३६ च्या कायद्याने गावरस्त्यांची देखभाल फ्रान्समधल्या प्रत्येक ग्रामपालिकेवर बंधनकारक केली. पैसा अपुरा पडला तर कुटुंबातल्या धडधाकट पुरुषांचे, गाड्यांचे आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांचे वर्षाला तीन दिवसांपर्यंतचे श्रम मागण्याचा अधिकार तिला मिळाला. ज्याला श्रम नको त्याने पैसे भरावेत. त्या काळी आर्देश गजबजलेला होता. उतारावर दगडी बांध रचून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत धान्य, चेस्टनट आणि तुती पिके. ओढ्यांच्या काठी रेशमाला पीळ देणाऱ्या गिरण्या चालत आणि त्यांचे सूत ल्योंच्या मागांवर जाई. १८६१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ३ लाख ८८ हजारांवर पोचली होती. मग रेशीमकिड्यांवर रोग पडला, द्राक्षवेलींना फायलोक्सेरा लागला, माणसे शहरांकडे गेली आणि शंभर वर्षांत हा आकडा अडीच लाखांच्या खाली आला. आता तो सव्वातीन लाखांच्या पुढे आहे, पण वस्ती रोन नदीच्या काठी आणि मोठ्या गावांत एकवटली आहे. चार लाख माणसांच्या येण्याजाण्यासाठी विणलेले जाळे डोंगरात अजून शाबूत आहे आणि त्यावरची वर्दळ नाहीशी झाली आहे. सायकलस्वाराला हवा असलेला सौम्य, डांबरी, निवांत रस्ता या दोन गोष्टींच्या संगमातून मिळतो.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. ज्या शांततेचे मी कौतुक करतो ती दुसऱ्या कुणाच्या स्थलांतराची किंमत आहे. ओस पडलेले बांध आणि झाडीत बुडालेली घरे पाहून पाहुण्याने सुखावावे का? सुखावण्यासारखे त्यात काही नाही, हे मला मान्य आहे. पण माणसे गेली ती रोगाने, बाजाराने आणि शहरातल्या मजुरीने. सायकलींनी कुणाचे गाव रिकामे केलेले नाही. उलट संथ प्रवासी गावाला उपयोगी पडतो. गाडीवाला लामास्त्र ते ल शेलार हे अंतर न थांबता तोडतो. सायकलस्वाराला वाटेत पाव, पिकोदों हे बकरीच्या दुधाचे चीज, कॉफी आणि रात्रीचे छप्पर लागते. १९९२ पासून दर जूनमध्ये सें-फेलिसिएँहून ‘आर्देशुआज’ नावाचा सायकल मेळावा निघतो, तेव्हा वाटेवरची गावे पिवळ्या आणि जांभळ्या रंगांत सजतात. एका मेळाव्याने गाव पुन्हा वसत नाही. तरी आपल्या दारावरून जाणारा रस्ता कुणाला तरी मोलाचा वाटतो, हे त्या सजवणाऱ्यांना ठाऊक असते.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. मोटारींसोबत रस्ता वाटून घेण्यापेक्षा सायकलींसाठी वेगळा मार्ग का नको? तसा मार्ग इथे आहे आणि तो फार सुंदर आहे. १९६८ साली बंद पडलेल्या व्हिव्हारे अरुंदमापी रेल्वेच्या जागेवर ‘दोल्चे व्हिया’ तयार झाला. रोनकाठच्या ला व्हूल्तहून तो एरिए नदीच्या बाजूने ल शेलारकडे येतो आणि त्याची एक शाखा लामास्त्रला जाते. रेल्वेला चढ आणखी सौम्य लागतो, त्यामुळे लहान मुलांसह निघालेल्या कुटुंबांसाठी याहून चांगली वाट सुचवता येणार नाही. पण त्याचा बराचसा पृष्ठभाग दाबलेल्या खडीचा आहे, अरुंद टायरच्या सायकलला तो मानवत नाही. शिवाय रेल्वे गेली तिथेच तो जातो. वरच्या वाड्या आणि खिंडी त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. सगळ्या डोंगराला पुरेल असे वेगळे जाळे कोणी बांधू शकणार नाही, म्हणून सामायिक रस्ता सुरक्षित करणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. गावाबाहेर सायकलला ओलांडताना मोटारीने दीड मीटर अंतर ठेवलेच पाहिजे, असा फ्रान्सचा नियम आहे. कित्येक खिंडींच्या वाटेवर पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ आणि माथ्यापर्यंतचे अंतर सांगणाऱ्या सायकलस्वारांसाठीच्या पाट्या आहेत. गावच्या कारंज्याचे पाणी पिण्याजोगे नसेल तर तसे लिहिलेले असते, आणि दफनभूमीतल्या नळावर बाटली भरून घेता येते हे तिथल्या प्रत्येक सायकलस्वाराला माहीत आहे. या सोयी छोट्या आहेत. रस्ता सर्वांचा आहे हे तत्त्व त्यांतूनच व्यवहारात उतरते.

तिसरा आक्षेप निसर्गप्रेमींचा असेल: रस्त्याचे इतके गुणगान कशाला, डोंगर नसता तर रस्ता काय दाखवणार होता? याला जेर्बिए द जोंकइतके चांगले उत्तर नाही. ल शेलार सुमारे साडेचारशे मीटरवर आहे आणि जेर्बिएच्या पायथ्याचा रस्ता चौदाशेवर. सें-मार्तें-द-वालामासनंतर चेस्टनटची झाडी मागे पडते, वारा गार होतो आणि अखेर १,५५१ मीटर उंचीचा तो ज्वालामुखी खडकाचा सुळका समोर येतो. ही भूमी आपल्या सह्याद्रीचे भावंड शोभेल. ज्वालामुखीचा दगड, एका अंगाला तुटलेले कडे आणि आखूड धावत्या नद्या, दुसऱ्या अंगाला पठार आणि लांबच्या समुद्राकडे निघालेली संथ नदी. पूर्वेकडचे पाणी एरिए आणि रोनमधून भूमध्य समुद्राला मिळते. पश्चिमेकडची लुआर हजारावर किलोमीटर चालून अटलांटिक गाठते. पण हा जलविभाजक समजायला तो ओलांडावा लागतो, तोही शरीराला प्रत्येक मीटरचा हिशेब लागेल इतक्या सावकाश. मोटारीतून तो अर्ध्या तासात निघून जातो. सरळसोट खेचरवाटेवर सारे लक्ष श्वासाकडे लागते. आखीव चढावर डोके मोकळे राहते आणि पाणी कुठून कुठे जाते ते पाहायला सवड मिळते. डोंगर निसर्गाने दिला. तो कळण्याजोगा केला रस्त्याने.

म्हणून ‘हे चढ फार सोपे आहेत’ या शर्यतप्रेमींच्या तक्रारीला मी फारसे महत्त्व देत नाही. अवघड चढ हवा असेल त्याला तो वाडीवस्तीकडे फुटणाऱ्या प्रत्येक अरुंद फाट्यावर मिळेल. मोठ्या रस्त्याचे मोल तो किती जणांना वर नेतो यावर ठरते. व्हेलोसिओंची मागणी तीच होती आणि १८३६ चा कायदा करणाऱ्यांचा हेतूही त्याहून फार वेगळा नव्हता. हे मोल आपोआप टिकत नाही. डोंगरातला रस्ता पावसाने खचतो, बर्फाने फुटतो, झाडोऱ्याने गिळला जातो, आणि तो दुरुस्त करण्याचा खर्च थोड्या लोकवस्तीच्या जिल्ह्याला जड जातो. वापरणारे कमी म्हणून देखभाल कमी, हा हिशेब एकदा मान्य झाला की दोन शतकांचे श्रम काही दशकांत मातीला मिळतील. तेव्हा या डोंगरात सायकल नेणाऱ्याने शिखरांची यादी करत बसू नये. हलके गिअर लावावेत, गावात थांबावे, तिथे चार पैसे खर्च करावेत आणि आपल्या देशातल्या घाटरस्त्यांकडेही त्याच नजरेने पाहावे: हा चढ कोणी बांधला, कोणासाठी बांधला, आणि आज तो कोण सांभाळतो आहे?