टिंबाची किंमत



खते, बियाणे, फवारणी यांविषयी सांगण्यात माझी सारी नोकरी गेली. आज मात्र तुमच्या मुलांच्या गणिताच्या पुस्तकातील एका टिंबाविषयी सांगणार आहे. हे टिंब म्हणजे दशांश चिन्ह. ते दिसायला तिळाएवढे, पण चुकले तर पेरणी अडवते. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

नोकरीचे दुसरेच वर्ष होते. मृगाचा पाऊस चांगला झाला होता. गावातले एक वयस्कर शेतकरी, त्यांना सगळे आबा म्हणत, माझ्याकडे आले. म्हणाले, "साहेब, एक वीसचं रान आहे. सोयाबीनचं बी किती आणू?" मी वहीत १.२० लिहिले, एकरी तीस किलोने गुणले आणि ऐटीत सांगितले, "छत्तीस किलो."

तिसऱ्या दिवशी निरोप आला, पेरा अर्धवट राहिला! जाऊन पाहतो तो तिफण बांधाला उभी, बैल सोडलेले आणि कडेचे बारा गुंठे रान उघडे. तालुक्याहून बी आणेपर्यंत पाऊस आला, वापसा गेला. तो तुकडा पुढे आठ दिवसांनी पेरला आणि शेवटपर्यंत मागेच राहिला. आबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, एकराचे गुंठे चाळीस असतात."

एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर. बी लागणार होते पंचेचाळीस किलो. मी वीस गुंठ्यांना वीस शतांश समजलो आणि नऊ किलो बी कमी सांगितले. गुणाकार बरोबर होता, चूक टिंबाची होती. बी. एस्सी.ची पदवी खिशात असून मला जे सुचले नाही, ते आबांना तोंडपाठ होते.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. दशांश चिन्हानंतरचे पहिले घर दहाव्या भागाचे, दुसरे शंभराव्या भागाचे, तिसरे हजाराव्या भागाचे. जिथे दहा-दहाचे भाग पडतात तिथेच हे टिंब खरे. रुपयाचे शंभर पैसे, हेक्टरचे शंभर आर, किलोचे हजार ग्रॅम, इथे ते चालते. एकर-गुंठ्यात आपण टिंब देतो, ते केवळ दोन आकडे वेगळे ठेवण्यासाठी. आपल्या वाडवडिलांना हा फरक चांगला ठाऊक होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी येण्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे होते. अडीच रुपये म्हणजे दोन रुपये आठ आणे. नंतर तेच २.५० झाले.

गेल्या हंगामात एका घरी कापसाची वेचणी चालली होती. सहावीतली मुलगी वजने लिहीत होती. एका बाईचा कापूस सोळा किलो चारशे ग्रॅम भरला, तिने १६.४०० लिहिले. दुसरीचा सोळा किलो पन्नास ग्रॅम, तिने लिहिले १६.५०. संध्याकाळी मजुरीचा हिशेब झाला, तेव्हा पहिली बाई म्हणाली, "माझं गाठोडं मोठं, अन् पैसे हिला जास्त कसे?" मुलगी गोंधळली. मी तिला जवळ बसवून म्हटले, "बाळ, ग्रॅमची घरे तीन. पन्नास ग्रॅमने शेकड्याचे घर भरत नाही, म्हणून तिथे शून्य मांड." तिने १६.०५० लिहिले आणि स्वतःच हसली. एका शून्याने साडेचारशे ग्रॅमचा फरक पडला होता. मजूर बाईच्या घामाचा हिशेब आहे हा, तो चुकून कसे चालेल?

मुले आणखी एक चूक करतात. १२.४ आणि १२.३५ यांत मोठा कोणता विचारले, तर पस्तीस चारापेक्षा मोठे म्हणून १२.३५ सांगतात. अशा वेळी घरे सारखी करा. १२.४० आणि १२.३५ लिहिले की उत्तर आपोआप दिसते. वाचतानाही "बारा पॉइंट पस्तीस" न म्हणता "बारा पॉइंट तीन पाच" म्हणायची सवय लावा.

माताभगिनींनो, यासाठी शिकवणीची गरज नाही. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे तुमच्या मुलांना बोलता येऊ लागल्यापासून ठाऊक आहे. पाव म्हणजे ०.२५, पाऊण म्हणजे ०.७५, एवढी गाठ मारून द्या. घरात आजी असेल तर तिला पावकी-निमकी म्हणायला सांगा. दूध घालून आल्यावर डेअरीची पावती मुलाच्या हाती द्या आणि विचारा, काल फॅट ३.८ होते, आज ४.१ आहे, किती वाढले? सातबारावरचे हेक्टर-आर त्याच्याकडून वाचून घ्या आणि त्याचे एकर-गुंठे करायला सांगा. एक एकर म्हणजे सुमारे ०.४० हेक्टर. आबांच्या दीड एकराचे साधारण ०.६१ हेक्टर होतात.

मूल चुकले तर रागावू नका. आबा माझ्यावर रागावले नव्हते, म्हणूनच तो धडा मला लागला. तेव्हापासून कोणी रानाचा आकडा सांगितला, की बियाण्याचा हिशेब करण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, "हे टिंब गुंठ्याचं की दशांशाचं?" तुमच्या मुलांनाही तो विचारायला शिकवा.